पाकिटातली जेली आणि वाटीतली जेली

फडताळात मागे सरकलेलं स्ट्रॉबेरी जेलीचं पाकीट हाती लागतं आणि त्यावरची तारीख उलटलेली दिसते. करावी की टाकावी, यावर घरात चर्चा होते. त्याच वेळी फ्रिजमध्ये आठवड्यापूर्वी सेट केलेली जेली अर्धी वाटी उरलेली असते. ती घट्ट आणि चकचकीत दिसते, म्हणून कुणीतरी काही न विचारता चमचा घालतं. माझ्या मते इथे आपली काळजी चुकीच्या जागी खर्ची पडते. पाकिटाची जेवढी धास्ती घेतो तेवढी घ्यायचं कारण नसतं, आणि वाटीबद्दल जेवढे निर्धास्त असतो तेवढं राहणं बरं नाही. कोरड्या पुडीची पारख नाकाडोळ्यांनी आणि बोटांनी करता येते. सेट झालेल्या जेलीची पारख मात्र घड्याळावर आणि कॅलेंडरवरच करावी लागते, कारण तिच्या बाबतीत डोळे फसतात.

हा फरक पडतो पाण्यामुळे. जेलीच्या पाकिटात बहुतेक भाग साखरेचाच असतो. त्यात थोडं जिलेटिन, सायट्रिकसारखं एखादं आम्ल, आंबटपणा सावरणारा क्षार, रंग आणि इसेन्स. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडांतलं आणि कातड्यातलं कोलॅजन. ही हाडं-कातडी आम्लात किंवा चुन्याच्या पाण्यात भिजवून ठेवतात, मग गरम पाण्यात कोलॅजन उतरवून, गाळून, वाळवून त्याची पूड करतात. भारतात जबलपूर, वापी आणि कोची इथे याचे कारखाने आहेत. रात्रीचं पायासूप सकाळी थिजलेलं दिसतं ते याच प्रथिनामुळे, आणि सुताराचा सरसही याच कुळातला, फक्त इतका शुद्ध न केलेला.

वाळलेल्या जिलेटिनमध्येही दहा-बारा टक्के पाणी असतंच, पण ते प्रथिनाला घट्ट धरून बसलेलं असतं. जिवाणूंना ते मिळत नाही. एखाद्या पदार्थातलं किती पाणी असं ‘मोकळं’ आहे हे सांगायला अन्नशास्त्रात ० ते १ असं एक माप वापरतात. शुद्ध पाण्याचा आकडा १. बहुतेक जिवाणूंना वाढायला ०.९ च्या वर लागतं, बुरशा ०.७ च्या आसपासही तग धरतात, आणि ०.६ च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. कोरडी जेलीची पूड या रेषेच्या चांगलीच खाली असते. सेट झालेली जेली १ ला जवळजवळ टेकलेली असते. जॅममध्ये साखर साठ-पासष्ट टक्क्यांच्या घरात असते, म्हणून तो टिकतो. जेलीत ती फार तर पंधरा टक्के. जिभेला तेवढी पुरते, टिकवायला पुरत नाही.

सूक्ष्मजीवांना जिलेटिन किती मानवतं, याचा पुरावा विज्ञानाच्या इतिहासातच आहे. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख जिवाणू वेगवेगळे करून वाढवायची रीत शोधत होता. बटाट्याच्या कापांनंतर त्याने मांसाच्या अर्कात जिलेटिन मिसळून त्याचा घट्ट थर वापरला. जिवाणूंच्या वसाहती त्यावर सुट्या-सुट्या उगवत. पण दोन अडचणी होत्या. माणसाच्या शरीराइतक्या, म्हणजे ३७ अंशांच्या उबेत जिलेटिन वितळून जाई, आणि काही जिवाणू तर जिलेटिनच खाऊन त्याचं पाणी करत. कॉखच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेसे नावाचा डॉक्टर हवेतल्या जिवाणूंवर काम करत होता. उन्हाळ्यात त्याचे प्रयोग असेच वितळत. त्याच्या बायकोने, फॅनी हेसेने, अगार वापरायला सुचवलं. जावामध्ये राहून आलेल्या डच ओळखीच्यांकडून तिला ते ठाऊक झालं होतं आणि ती स्वतः जेली करताना ते वापरत असे. हे अगार म्हणजे आपल्या वाण्याकडे मिळणारं चायना ग्रास. १८८२ मध्ये क्षयाच्या जिवाणूवर लिहिताना कॉखने अगारचा उल्लेख केला, फॅनीचा केला नाही. स्वयंपाकघरातल्या तिच्या अनुभवाने जगभरच्या प्रयोगशाळा बदलल्या, तिचं नाव तेव्हाच त्यात यायला हवं होतं.

तर आपण वाटीत जे सेट करतो ते, मांसाचा अर्क वगळला तर, जिवाणू वाढवण्याच्या त्या थराचंच गोड भावंड आहे. जेलीतलं आम्ल काही जिवाणूंना आवर घालतं, फ्रिजचा गारवा आणखी थोडा. पण दोघांनाही मर्यादा आहेत.

कोरड्या पुडीकडे आधी बघू, कारण तिथे बिघाडाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोप-अमेरिकेत जेली करायची तर वासराचे पाय तासन्‌तास उकळावे लागत. १८४५ मध्ये पीटर कूपर या अमेरिकन उद्योजकाने पूड करून ठेवता येईल अशा जिलेटिनचं पेटंट घेतलं, पण त्याने त्याचा फार पाठपुरावा केला नाही. १८९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लरॉय गावच्या पर्ल वेटने त्यात साखर, फळांचे वास आणि रंग घातले, आणि त्याची बायको मे हिने त्याला ‘जेल-ओ’ नाव दिलं. धंदा चालेना, म्हणून १८९९ मध्ये त्याने तो ऑरेटर वुडवर्डला ४५० डॉलरना विकून टाकला. पुढे वुडवर्डच्या हाती त्याचं सोनं झालं. या यशात जाहिरातींचा वाटा मोठा होता, पण मुळात ही पूड खोक्यात महिनोन्‌महिने टिकत होती, रेल्वेने कुठेही जात होती, म्हणून जाहिरातींना अर्थ होता.

हे टिकणं एका अटीवर आहे : पुडीला दमट हवा लागता कामा नये. आणि जेलीची पूड दमटपणाला नुसत्या साखरेपेक्षा लवकर बळी पडते. शुद्ध साखर हवेतली आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेल्यावर पाणी ओढून विरघळू लागते, सायट्रिक आम्ल ७५ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही एकमेकांना चिकटून असली, तर मात्र हे ६५ च्या सुमारालाच सुरू होतं. मिश्रण त्याच्या प्रत्येक घटकापेक्षा जास्त हळवं असतं. म्हणून काही उत्पादक सायट्रिकऐवजी अ‍ॅडिपिक किंवा फ्युमॅरिक आम्ल वापरतात. ती हवेतलं पाणी फारशी घेत नाहीत. पाकिटावरची घटकांची यादी वाचायची सवय असेल तर हे तिथे दिसतं.

आता मुंबई, कोकण, गोवा इथला पावसाळा डोळ्यासमोर आणा. जून ते सप्टेंबर हवेची आर्द्रता दिवसचे दिवस ८० च्या वर असते. उघडं पाकीट रबरबँड लावून डब्यात ठेवलं की पूड आठवड्याभरात सादळते. आधी हलक्या गुठळ्या होतात, बोटांनी चुरडल्या की मोडणाऱ्या. मग त्या दगडासारख्या होतात, कारण विरघळलेली साखर कोरड्या दिवशी पुन्हा स्फटिक होऊन कणांना सांधते. सोलापूर-नागपूरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हीच पूड महिने मोकळी राहील. तिथला धोका उष्णतेचा.

पाणी आत शिरलं की दुसरी साखळी सुरू होते. आम्ल आणि ओल मिळून साखरेचे दोन तुकडे करतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. उसाची साखर प्रथिनाशी सहसा झगडत नाही, पण हे तुकडे जिलेटिनशी संयोग पावतात आणि पूड हळूहळू तपकिरी पडते. पोळी भाजताना जे डाग पडतात त्यामागचीच ही क्रिया, फक्त थंडपणे आणि महिन्यांच्या हिशोबाने चाललेली. लिंबू किंवा अननसाच्या फिकट पिवळ्या पुडीत ती लवकर कळते, रासबेरीच्या गडद लालीत लपून राहते.

वासाचं गणित वेगळं. स्ट्रॉबेरी, केळं यांचे वास उडून जाणाऱ्या हलक्या द्रव्यांचे असतात. पाकीट नुसत्या प्लॅस्टिकचं असेल तर ते वर्ष-दीड वर्षात पातळ होतात, आतून अ‍ॅल्युमिनियमचा थर असेल तर जास्त टिकतात. संत्र्या-लिंबाच्या वासात लिमोनीन असतं आणि ते हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतं. जुन्या संत्रा जेलीला टर्पेंटाइनसारखी झाक येते ती त्यामुळे. ती घातक नसते, पण जेली खावीशी वाटत नाही.

सगळ्यांत सूक्ष्म बदल खुद्द जिलेटिनमध्ये होतो, आणि त्याचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे तो औषधांच्या कॅप्सूलमध्ये. ऊब, दमटपणा आणि अल्डिहाइड वर्गातली द्रव्यं एकत्र आली की जिलेटिनच्या साखळ्यांमध्ये आडवे टाके पडतात. मग ते पाण्यात पटकन विरघळेनासं होतं. जुन्या कॅप्सूलवर पाण्यात टाकल्यावर चिवट पडदा उरतो तो हाच. अमेरिकेच्या औषधसंहितेत अशा कॅप्सूलची विरघळण्याची चाचणी पचनरसातला एन्झाइम घालून पुन्हा करायची मुभा आहे. व्हॅनिला, बदाम, दालचिनी यांच्या वासांतली मुख्य द्रव्यंही अल्डिहाइडच. म्हणून खूप जुन्या, उबेत राहिलेल्या जेलीच्या पुडीत कधीकधी उकळतं पाणी घालूनही न विरघळणारे चिकट, पारदर्शक कण तळाशी राहतात. असे कण दिसले तर उरलेली जेलीही सैल होणार हे धरून चालावं.

या सगळ्या बदलांमुळे जेलीचा दर्जा उतरतो. त्यातला एकही बदल माणसाला आजारी पाडत नाही. पाकिटावरची तारीख याच दर्जाचा अंदाज असते, आणि तो बंद पाकिटाचा, कोरड्या जागेतला अंदाज असतो. २०२० च्या भारतीय लेबल नियमांनुसार उत्पादनाची तारीख आणि ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ छापणं सक्तीचं आहे, ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक. एक्सपायरी उलटलेलं पाकीट दुकानदाराने विकू नये आणि आपणही विकत घेऊ नये, यात तडजोड नको. नियमाची भाषा खाण्याच्या बाबतीतही तीच आहे. पण जुलैत उघडून ऑगस्टपर्यंत सादळलेलं पाकीट तारखेच्या आत असूनही बाद असू शकतं, हे तारीख सांगत नाही. म्हणून तारीख बघितल्यावर पूडही बघावी.

बोटांनी आधी. मोकळी वाहत असेल तर उत्तम, मऊ गुठळ्या चुरडल्या जात असतील तर चालेल, ओलसर चिकटा किंवा दगड झाला असेल तर नाही. मग रंग : आहे त्यापेक्षा तपकिरी किंवा ठिपक्या-ठिपक्यांचा झाला आहे का. मग वास. कुबट वास, बुरशीचा धागा, किड्याचा मागमूस यांपैकी काहीही दिसलं तर पुढची परीक्षा करूच नये, टाकून द्यावं. यातून पार पडलं आणि तरी मनात शंका असेल, तर थोडी करून बघावी. ९० ग्रॅमच्या पाकिटाला अर्धा लिटर पाणी असं प्रमाण असेल, तर १८ ग्रॅम पूड १०० मिलिलिटरला. तीन-चार तासांत फ्रिजमध्ये नीट सेट झाली, खाली कण राहिले नाहीत, चव बरी लागली, की उरलेलीही चालेल. ही पूड काढण्याआधी पाकीट नीट हलवून घ्यावं. साखर, जिलेटिन आणि आम्ल यांचे कण वेगवेगळ्या आकाराचे असतात, ते तळाशी-वरती वेगळे होतात, आणि अर्धं पाकीट वापरणाऱ्याला कधी नुसती आंबट पूड मिळते, कधी नुसती गोड.

ठेवण्यासाठी रबरी कडीची काचेची बरणी सर्वांत चांगली. आपले नेहमीचे स्टीलचे डबे दिसतात घट्ट, पण त्यांची झाकणं हवा आत घेतात. गॅसच्या वरचा कप्पा टाळावा, कारण कुकरची वाफ तिथेच जाते. पूड फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. गार पाकीट दमट हवेत उघडलं की आतल्या पुडीवर दव धरतं, आणि ज्या ओलीपासून वाचवायचं तीच आपण आत घालतो. ठेवलंच असेल तर बंद अवस्थेत खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं, मग उघडावं.

जेली सेट झाली नाही की दोष बहुधा पाकिटाच्या वयावर ढकलला जातो. बहुतेक वेळा चूक दुसरीकडे असते. ताजा अननस घातला की ब्रोमेलेन, पपई घातली की पपेन, किवी घातलं की अ‍ॅक्टिनिडिन हे एन्झाइम जिलेटिनच्या साखळ्या कापून टाकतात. रात्रभर ठेवलं तरी वाटीत सरबतच राहतं. डब्यातला अननस शिजवलेला असल्याने चालतो. ताजा हवाच असेल तर तुकडे दोन-चार मिनिटं उकळून घ्यावेत. पुडीचं पाणी आम्लासकट खूप वेळ उकळत ठेवलं तरी जिलेटिन दुबळं होतं. उकळतं पाणी ओतून ढवळणं पुरतं.

आता वाटी. सेट झालेली साधी जेली झाकून, ५ अंशांच्या खाली, आठवडाभर ठेवायला हरकत नाही. फळं घातली असतील तर तीन दिवस, कस्टर्ड किंवा साय घातली असेल तर दोन. या काळात तिच्यात दिसणारे बदल बहुतेक निरुपद्रवी असतात. जिलेटिनचं जाळं आकसत जातं आणि पाणी पिळून बाहेर काढतं, म्हणून कडेला पाणी सुटतं. झाकण नसेल तर वरचा थर वाळून चिवट होतो, आणि शेजारच्या वाटणातला लसूण तिच्यात उतरतो. फ्रीझरमध्ये ठेवली तर बर्फाचे स्फटिक जाळं फाडतात. बाहेर काढल्यावर लगदा आणि पाणी वेगळं होतं.

खरी अडचण अशी, की जे बदल धोक्याचे ते बरेचदा दिसतच नाहीत. जिलेटिन खाणारे जिवाणू, उदाहरणार्थ स्यूडोमोनास गटातले काही, गारव्यातही वाढतात आणि जेली पातळ करतात. ते निदान कळतं. प्रयोगशाळेत जिवाणू ओळखायला ‘जिलेटिन पातळ होतं का’ ही चाचणी वापरतातही. पण त्याच चाचणीत ई. कोलाय आणि बहुतेक साल्मोनेला यांचं उत्तर ‘नाही’ असं येतं. म्हणजे ज्यांनी जुलाब-उलट्या होण्याची भीती, तेच जिवाणू जेलीला हातही न लावता तिच्यात राहू शकतात. घट्टपणा हा सुरक्षिततेचा पुरावा म्हणून धरता येत नाही. आंबूस वास, बुडबुडे, बुरशीचा ठिपका किंवा पातळ झालेला भाग दिसला तर टाकावीच, पण यातलं काही नाही म्हणून मुदत वाढवू नये.

आणि जेली आपला इतिहास पुसून टाकते. मे महिन्यात दुपारी वीज गेली, फ्रिज बराच वेळ बंद राहिला, जेली पातळ झाली. वीज आली, रात्री ती पुन्हा सेट झाली, सकाळी नव्यासारखी दिसते. ३० अंशांच्या पुढे जिलेटिन वितळायला लागतं, आणि हीच ऊब जिवाणूंना सर्वांत मानवते. बाहेर राहिलेल्या नाशवंत पदार्थाला दोन तास, ३२ अंशांच्या वरच्या उन्हाळ्यात एकच तास, हा सर्वमान्य हिशोब जेलीलाही लावावा. वाढदिवसाच्या टेबलावर संध्याकाळभर राहिलेल्या वाट्या परत फ्रिजमध्ये सरकवू नयेत.

दुकानातल्या बऱ्याच जेली क्रिस्टलच्या पाकिटांवर हिरवा ठिपका असतो. त्यात जिलेटिन नसतं, तांबड्या समुद्रशेवाळांपासून काढलेलं कॅरागीनन किंवा तत्सम द्रव्य असतं. जिलेटिनच्या पाकिटावर तपकिरी मांसाहारी खूण हवी. शेवाळाची जेली खोलीतही घट्ट राहते, ताज्या अननसालाही दाद देत नाही, आणि तिच्या पुडीत आडव्या टाक्यांचा प्रश्नच नाही. पण साखर, आम्ल, ओल यांचं नातं तिथेही तेच, आणि वाटीतल्या मोकळ्या पाण्याचं प्रमाणही तेच. उन्हाळ्यात ती वितळत नाही, म्हणून ती टिकली असा समज होतो. तिलाही तेच दोन तास आणि तोच आठवडा.

जेली घरात केवळ मुलांसाठी होत नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी डॉक्टर पातळ आहारात जेली चालेल म्हणतात (लाल-जांभळी सोडून, कारण तिचा रंग तपासणीत रक्तासारखा भासू शकतो). आजारी, वयस्कर किंवा गरोदर माणसाला आठवड्याची मुदत लावू नये. ताजी करावी, आणि एका मोठ्या भांड्यात करण्यापेक्षा चार लहान झाकणाच्या वाट्यांत ओतावी, म्हणजे प्रत्येक वाटी एकदाच उघडते आणि उष्टा चमचा उरलेल्यात जात नाही. झाकणावर पट्टी चिकटवून केल्याची तारीख आणि वेळ लिहावी. दोन दिवसांत संपली नाही तर उरलेली टाकून नवी करावी; कोरडी पूड बरणीत आहेच.